बाभुळकरजींचं भेव

दर रविवारी सकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना बाभुळकरजी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गाच्या दारात उभे असतात. हातात पोळ्यांचा स्टीलचा मोठा डबा. आत पोळ्या नसतात. "मोबाइल," ते म्हणतात आणि डबा पुढे करतात. आमच्या वाद्यवृंद मंडळातला प्रत्येक माणूस, मग तो वकील असो, दातांचा डॉक्टर असो की सकाळची दोन घरची पूजा आटोपून आलेला भिक्षुक असो, मुकाट्यानं आपला फोन त्या डब्यात ठेवतो. सगळे आले की झाकण लागतं, वरून फडकं बांधलं जातं आणि डबा कपाटात जातो. कपाटाला कुलूप. किल्ली जानव्याला.

एकदा डॉक्टरांचा फोन त्या कपाटात तासभर वाजत होता. कुणाचा तरी गाल सुजला होता. डॉक्टर काकुळतीला आले, पण बाभुळकरजी ढिम्म. म्हणाले, "दात कुठी पळून जात नाही डॉक्टर. माणसं जातात."

फोन गोळा झाले की ते माणसं मोजतात. बोट दाखवून, ओठ हलवत, अगदी सहलीला पोरं मोजावीत तशी. "अठरा. मागच्या रविवारी एकोणीस होते. कोण गेलं?" गेलेला बहुधा मूर्तिजापूरला साळ्याच्या लग्नाला गेलेला असतो. हे सांगितलं तरी त्यांचं समाधान होत नाही. "लग्नाले गेलेला माणूस परत येतेच असं काही नाही," ते म्हणतात आणि पेटीचा भाता सोडतात.

मनोहरजी बाभुळकर आमच्या मंडळाचे सेक्रेटरी. अमरावतीच्या कोर्टात उभी हयात कारकुनी केली, आता सेवानिवृत्त. अंगानं काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, आणि नाकावरचा चष्मा असा की तो कोणत्याही क्षणी पडेल याची त्यांना स्वतःलाच धास्ती. वाजवतात पेटी. आणि घाबरतात. पेटी ते बरी वाजवतात; घाबरतात मात्र उत्तम.

"भेव ठेवावं माणसानं," हे त्यांचं आवडतं वाक्य. "भेव असलं का माणूस वेळेवर येते." दुसरं आवडतं वाक्य कोर्टातून आलेलं: "जैसे थे." वर्गातला पंखा एक नंबरवर असेल तर तो जैसे थे. बाकं सरकवायची नाहीत, खिडकी उघडायची नाही. पेटीला बाहेरच्या माणसाचा हात लागायचा नाही. राजकमल चौकाच्या बाजूला एक चांगला पेटीवाला आहे, म्हणजे पेट्या दुरुस्त करणारा आणि सुरात लावून देणारा. तो एकदा सहज वर्गात डोकावला तर बाभुळकरजींनी अंगावरचं उपरणं काढून पेटीवर टाकलं आणि स्वतः त्यावर बसले. माणूस पेटीवर बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

सगळ्यात जास्त भेव त्यांना बॅटरीवर चालणाऱ्या तानपुऱ्याचं. आमच्या एका व्हायोलिनवाल्यानं तो छोटा डबा हौसेनं विकत आणला होता. त्यानं पिशवीतून तो काढला मात्र, बाभुळकरजी ओरडले, "ठेवा! ठेवा तो आत! चालू नका करू!" पिशवीतून विंचू निघाला असता तरी इतका आरडाओरडा झाला नसता. कारण विचारलं तर म्हणाले, "यंत्राले कान नसते." वाक्य ऐकायला भारदस्त होतं, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती जलतरंगामुळे. मी कॉलेजात ग्रंथपाल. आईकडून मला चिनी मातीच्या सोळा वाट्या मिळाल्या होत्या आणि दोन काड्या. या वाद्याला अमरावतीत दुसरा कुणी वाली नव्हता, म्हणून मंडळानं मला डोक्यावर घेतलं. बाभुळकरजींना मात्र माझी वेगळीच काळजी. "ताई, वाट्या फुटतात," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "मी जपते," मी म्हटलं. "तुमी जपता हो, पण वाट्या कुठी जपतात!" बारा वर्षं झाली, एक वाटी फुटली नाही. ते अजून दर रविवारी सोळा मोजतात.

पुढे मी ग्रंथपाल आहे म्हणून त्यांनी मंडळाचा इतिहास टाइप करायचं काम माझ्या गळ्यात मारलं. हा इतिहास ते कित्येक वर्षं लिहून राहिले होते. कोर्टाच्या जाड कागदावर, हिरव्या शाईत. त्याचं पहिलं प्रकरण मला पाठ झालं आहे. मंडळाचे संस्थापक एक वकीलसाहेब. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की जर्मनीतल्या एका शहरात डॉक्टर, शिंपी, खाटीक, मास्तर असे सगळे हौशी लोक गेली शंभरावर वर्षं दर आठवड्याला जमून एकत्र वाजवतात. पैशासाठी नाही, नावासाठी नाही. वकीलसाहेब पेटून उठले. जर्मन खाटकाला जमतं तर वऱ्हाडी वकिलाला का जमू नये? त्यांनी त्या जर्मन मंडळाला नियमावली मागवणारं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. तेव्हा वकीलसाहेबांनी, जर्मन लोकांची नियमावली कशी असेल असा अंदाज करून, स्वतःच ती लिहून काढली. आमचं सातला पाच कमी हे त्या अंदाजातून आलेलं आहे.

इतिहासाबरोबर हजेरीच्या वह्या होत्या. दर रविवारी आलेल्यांच्या सह्या. सुरुवातीला पंचवीस-तीस सह्या, मग वकीलसाहेब वारले, मग पुढच्या रांगेत कुणी बसायचं यावरून भांडण, आणि सह्या गळायला लागल्या. बारा, सात, चार. आणि मग एका वहीत पानांमागून पानं फक्त दोनच सह्या. मनोहर बाभुळकर, आणि खाली वाकड्या अक्षरात सुखदेव. दोन पावसाळे तरी असे गेले असावेत. आणि बाभुळकरजींच्या इतिहासात या सगळ्या काळाबद्दल एकच ओळ: "या कालावधीत मंडळाचे कार्य नियमित चालू होते."

"दोघांचं कसलं हो मंडळ?" मी हसून विचारलं.

"दोघं म्हणजे गणपूर्ती होते," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. "टाइप करा तुमी."

सुखदेवजी म्हणजे आमचे बासरीवाले. बडनेऱ्याच्या रस्त्याला त्यांचा फुलांचा मळा. शेवंती, झेंडू, निशिगंध. पहाटे बाजारात फुलं टाकायची आणि रिकामं टोपलं सायकलला बांधून थेट तालमीला यायचं. अंगाला कायम निशिगंधाचा वास. बोलणं कमी, इतकं कमी की मंडळात त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं भाषण "चहा गोड हाये" हे असावं. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं तरुणपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. पण बासरी ओठाला लावली की मी काड्या हातात धरून माझी जागा चुकायची, इतकं ते गोड वाजवत. बाभुळकरजी त्यांना "सुखदेवजी" म्हणत, सुखदेवजी त्यांना "सायेब". इतक्या वर्षांत एकमेकांना अरेतुरे नाही.

आता मी केलेल्या शहाणपणाची गोष्ट सांगते. माणसानं फार हुशार असू नये, विशेषतः रविवारच्या आदल्या दिवशी.

जलतरंगात पाणी जास्त घातलं की सूर खाली येतो, कमी केलं की वर जातो. मंडळात मी वाट्या बाभुळकरजींच्या पेटीच्या सुरावर लावायची. आमचे सगळेच आपापली वाद्यं त्या पेटीवर लावतात, तोच आमचा नियम. त्या शनिवारी मी घरी, मुलीनं दिलेल्या बॅटरीच्या तानपुऱ्यावर वाट्या लावल्या. तर प्रत्येक वाटीत पाणी कमी लागलं. एकीत नाही, सोळाच्या सोळा वाट्यांत. मला वाटलं माझा कान बिघडला. मग फोनमधलं सूर मोजायचं यंत्र लावून पाहिलं, मंडळाच्या कार्यक्रमाचं जुनं रेकॉर्डिंग त्याला ऐकवलं, आणि मी चाटच पडले. आमचं अख्खं मंडळ, एकोणीस माणसं, पेटीच्या काळी एक पट्टीचा समजून जो सा वाजवत होतं तो काळी एकचा नव्हताच. तिच्या खालच्या पांढरी एकचाही नव्हता. दोघींच्या मधल्या फटीत कुठेतरी आम्ही वर्षानुवर्षं आनंदानं वाजवून राहिलो होतो.

मला इतका आनंद झाला की विचारू नका. ग्रंथपालाला आयुष्यात असे शोध लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी साडेसहालाच वर्गात पोचले. बाभुळकरजी एकटेच होते.

"सेक्रेटरीसाहेब, आपली पेटी उतरली आहे! पाव सूर तरी! त्या पेटीवाल्याला बोलावू, तासाभरात..."

त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी, मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणाले सांगतलं?"

"कुणाला नाही अजून."

"यजमानाले?"

"त्यांना सूर कळत नाही."

"देवाची कृपा," ते म्हणाले आणि बाकावर बसले. मला वाटलं यांना आता चक्कर येणार. मी माझ्या वाट्यांसाठी आणलेलं पाणी त्यांना प्यायला दिलं.

"पेटी उतरली नाही, ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "मी उतरवली."

मग त्यांनी सांगितलं. ते दोनच सह्यांचे दिवस. वकीलसाहेब गेलेले, मंडळ फुटलेलं, आणि त्याच वर्षी बाभुळकरजींची पत्नीही गेलेली. मुलं नाहीत. रविवारी घरात बसवेना म्हणून ते पेटी घेऊन वर्गात येऊन बसत. फक्त सुखदेवजी येत. पण त्यांच्या तुटक्या बोटांना बाजारातली बासरी झेपत नव्हती, भोकं झाकलीच जात नव्हती. म्हणून मेळघाटातून, सेमाडोहच्या पाहुण्याकडून बांबू आणून, लोखंडी सळई तापवून ते स्वतःच्या बोटांच्या मापानं भोकं पाडत. सात बासऱ्या केल्या. सातांतली एकच अशी निघाली की तिचे सगळे सूर एकमेकांशी जुळले. फक्त ती पेटीशी जुळेना. तिचा सा खाली.

"मग त्याइनं काय केलं ठाऊक आहे? बासरी गुंडाळली, टोपल्यात ठेवली, आन् म्हणाले, सायेब, माह्यानं तुमचं बिघडून राहिलं, मी आता येत नाही." बाभुळकरजींनी पाण्याचा घोट घेतला. "भांडणारा माणूस असता ना ताई, तर मले भेव नव्हतं. भांडणारे परत येतात. त्याइच्या गावात भजनी मंडळीत कोणी म्हणलं होतं, तुह्या बासरीनं भजन नासते. शब्द नाही बोलले. पुढच्या गुरुवारी गेलेच नाहीत. कधीच नाही गेले."

"मग?"

"मग मी म्हणलं, पुढच्या रविवारी फक्त एक डाव या. पेटी दमट झाली असंल, मी वाळवून ठेवतो. आन् घरी येऊन पेटी खोलली. आतल्या पितळेच्या पट्ट्या एकेक काढून मुळाशी कानशीनं घासल्या. मुळाशी घासलं का सूर उतरते. सहा दिवस रजा काढली कोर्टातून. जिंदगीत पहिली खोटी रजा. तापाचा दाखला दिला." त्या खोट्या तापाची शरम त्यांच्या चेहऱ्यावर अजून होती. "रविवारी ते आले. बासरी लावली. जुळली. म्हणाले, हाव सायेब, दमटच होती."

मग हळूहळू नवी माणसं येत गेली. एक व्हायोलिन, एक मेंडोलिन, डॉक्टर, मी. जो आला त्यानं पेटीवर आपलं वाद्य लावलं. कुणी विचारलं नाही की ही पेटी कशावर लावली आहे. आणि बाभुळकरजी दर रविवारी त्या पेटीमागे बसून घाबरत राहिले. फोन, तानपुऱ्याचा डबा, पेटीवाला, या सगळ्यांचं भेव म्हणजे एकच भेव होतं. कुणीतरी एक दिवस मोठ्यानं म्हणेल की मंडळाचा सूर चुकीचा आहे, सुखदेवजी ते ऐकतील, आणि त्याच्या पुढच्या रविवारी येणार नाहीत.

"आता तुमाले माहीत झालं," ते म्हणाले. "आता तुमीबी भेव ठेवा."

आणि खरं सांगते, ते भेव मला त्या सकाळी चिकटलं ते चिकटलंच. मी घाबरट बाई नाही. पालीला झाडूनं हाकलते, प्राचार्यांना तोंडावर बोलते. पण त्या दिवसापासून तालमीला कुणी नवा माणूस आला की मी आधी त्याच्या कानांकडे बघायची. याचा कान चांगला असेल का? हा काही बोलेल का? एक संगीत शिकवणारे गृहस्थ पाहुणे म्हणून आले, तर मी त्यांना दीड तास चिवडा खायला लावला. तोंडात चिवडा असला की कानात चिवडाच वाजतो, हा माझा स्वतःचा शोध.

अशात अकोल्याचं आमंत्रण आलं. तिथलंही एक हौशी मंडळ आहे. रविवारी सकाळी साडेदहाला दोन्ही मंडळांनी मिळून कार्यक्रम करायचा, एकाच मंचावर, एकत्र. त्यांच्याकडे बॅटरीचा कीबोर्ड आहे, असंही पत्रात अभिमानानं लिहिलं होतं. पत्र वाचताना बाभुळकरजींचा चष्मा खरोखरच पडला.

त्यांनी बैठकीत अकोल्याविरुद्ध केलेला युक्तिवाद कोर्टात कुणा वकिलानं केला नसेल. अकोल्याचं ऊन वाईट. रस्ता वाईट. एसटीत व्हायोलिन चेंगरते. "आन् पाण्याचं काय? अकोल्यात पाणी कितव्या दिवशी येते, आहे का कोणाले माहीत? ताईच्या सोळा वाट्या भरायच्या आहेत!" मी मान डोलावली. "मी कोरड्या वाट्या वाजवू शकत नाही," मी गंभीरपणे म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "काय हो ताई, दोन बाटल्या पाण्याचा प्रश्न!"

जैसे थे होणार असं वाटत असतानाच सुखदेवजींनी हात वर केला. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"माही लेक अकोल्याले देली हाये," ते म्हणाले. "तिनं मले कधी असं सभेत वाजवताना पाह्यलं नाई." आणि हात खाली घेतला.

बाभुळकरजींनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मंजूर."

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघं कसे जगलो ते आमचं आम्हाला ठाऊक. आजारी पडावं असा विचार त्यांनी केला, पण पेटी दुसरा कुणी वाजवेल या भीतीनं सोडून दिला. कीबोर्डची वायर कापता येते का, असंही त्यांनी मला विचारलं. तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसानं! मी म्हटलं, आपण आधीच जाऊन त्या कीबोर्डवाल्याला खरं सांगू. ते म्हणाले, "परक्या माणसाले? आन् तो हसला तर?"

सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो. बाभुळकरजींनी पेटी मांडीवर घेतली होती, दोन्ही हातांनी धरून. शेजारी सुखदेवजी, नवं धोतर नेसून, पिशवीत लेकीसाठी निशिगंधाचा गजरा ओल्या कपड्यात गुंडाळून. ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि मधूनच हसत होते. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा बाभुळकरजी माझ्याकडे वळून पुटपुटले, "अजून परत जाता येते." मी नुसतं गजऱ्याच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

अकोल्याचे कीबोर्डवाले निघाले इंगळे सर. शेतकी शिकवणारे, धिप्पाड, मिशीवाले, आवाज असा की मला आणखीच धडकी भरली. मंचावर ते कीबोर्डवर बोटं फिरवत होते आणि तो सा माझ्या कानात टोचत होता. चुकीचा नव्हता, तेच तर भयंकर होतं.

बाभुळकरजींनी त्यांना मंचामागे, पिण्याच्या पाण्याच्या माठापाशी बोलावलं. मी पाठोपाठ. बाभुळकरजींनी टोपी काढून हातात घेतली. शेवटी कोर्टच कामाला आलं. "एक अर्ज आहे," ते म्हणाले. "तोंडी अर्ज."

"बोला ना जी," इंगळे सर गरजले.

"हळू बोला!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

मग बाभुळकरजींनी सांगितलं. अडखळत, मागेपुढे करत, पण सगळं. बासरी, पट्ट्या, कानस, खोटा तापसुद्धा. सांगून झाल्यावर पडदा किंचित बाजूला करून त्यांनी मंचावर बसलेल्या सुखदेवजींचा हात दाखवला. "त्याइले कळू नये, एवढंच मागणं आहे."

इंगळे सर हसले नाहीत. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं आणि मिशी चोळली. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "एवढंच होय? दोन बटनं दाबाची आहेत, काका. पेटीचा सा धरा तुमी. मी उतरवत येतो. जुळला का थांबा म्हणा."

पेटी माठाशेजारच्या स्टुलावर ठेवली. बाभुळकरजींनी सा धरला. मंचाच्या पडद्याआडून इंगळे सर कीबोर्डचा सूर एकेक पायरी खाली आणत होते. दोन सूर आधी एकमेकांशी भांडले, मग नुसते कुरकुरले, आणि मग एका क्षणी दोन उरलेच नाहीत. "थांबा," बाभुळकरजी म्हणाले. पडद्यापलीकडे ते पोचलं नाही, मलाच पडदा हलवून खूण करावी लागली. ज्या कामासाठी या माणसानं पट्ट्या घासत सहा दिवस काढले, त्याला तिथे मिनिटही लागलं नाही. बाभुळकरजी जमिनीवरच बसले.

मग इंगळे सर आपल्या लोकांकडे गेले. त्यांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पण बघता बघता अकोल्याच्या व्हायोलिनवाल्यांनी खुंट्या सैल केल्या, तबलेवाल्यानं हातोडी काढून तबला उतरवायला घेतला. आम्हाला जन्मात कधी न पाहिलेली दहा-बारा माणसं मान खाली घालून आपापला सूर खाली आणत होती. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी वाट्यांत पाणी ओतत बसले.

"काय करून राहिले हे लोकं?" सुखदेवजींनी विचारलं.

"चढले होते," बाभुळकरजी म्हणाले. "आपल्यावर लावून राहिले."

कार्यक्रम झाला. चुका झाल्या, आमचे व्हायोलिनवाले दोनदा आधी घुसले, पण सूर कुठे फाटला नाही. सुखदेवजींची बासरी एकटी सुरू झाली तेव्हा दुसऱ्या रांगेतली त्यांची लेक पदर तोंडाशी धरून ऐकत होती. सासू-सासरे, नवरा, शेजारच्या दोन बायका, सगळ्यांना घेऊन आली होती. बाभुळकरजी पेटी वाजवत नव्हते, नुसता सा धरून बसले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर भेव नव्हतं.

टाळ्या झाल्यावर लेक मंचावर आली. बापाच्या पायाला हात लावला आणि तिथेच, सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, आता बस झालं. मळा दादा पाहून राहिला ना. आमच्या घरी खोली रिकामी हाये. आज्जपासून अथीच राहाचं तुमी. अथं बी वाजवजा यांच्यासंगं." इंगळे सर म्हणाले, "आम्हाले तर बासरीवाला पाहिजेच होता, काकाजी."

सुखदेवजी गोंधळले. लेकीकडे बघितलं, तिच्या सासऱ्याकडे बघितलं, आणि मग बाभुळकरजींकडे. "सायेब," ते म्हणाले, "काय करू मी?"

आयुष्यभर ज्या माणसानं पंखासुद्धा जैसे थे ठेवला, तो काय बोलणार हे मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटलं.

"यात इचारता काय?" बाभुळकरजी म्हणाले. "लेक बोलावून राहिली आन् माणूस इचार करून राहिला! राहा." आणि त्यांनी पेटीचा भाता बंद करून कड्या लावल्या. एक कडी लागेना. तीनदा लावली तेव्हा लागली.

परतीच्या एसटीत पेटी त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर होती. बडनेऱ्याला गाडी थांबली तशी त्यांनी कलंडलेली पेटी सरळ केली. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "साऱ्या गोष्टीचं भेव वाटलं, ताई. याचं कधी वाटलंच नाही."

दोन रविवार तसेच गेले. मला राहवेना. वाटलं, आता तरी या माणसाला मोकळं करावं. आता कशाचं भेव? मी राजकमल चौकातल्या पेटीवाल्याशी बोलून ठेवलं आणि रविवारी लवकर जाऊन बाभुळकरजींना सांगितलं की पेटी सुरात लावून घेऊ, मंडळालाही काहीतरी कारण सांगू, सगळे आपापली वाद्यं चढवतील, आणि तुम्हाला पुन्हा कधी कुणाच्या फोनला घाबरावं लागणार नाही.

बाभुळकरजी पेटीवर हात ठेवून बसले होते.

"अकोला काही लांब नाही," ते म्हणाले. "एखाद्या रविवारी वाटलं त्याइले, बसले एसटीत, आले. आन् बासरी काढली, आन् इथी कोणाशीच जुळली नाही..." त्यांनी चष्मा काढला. "तर ते बसतीन कुठी, ताई?"

मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि पेटीवाल्याला फोन करून सांगितलं, येऊ नका.